कमिशन २०२२चं, घाई या एप्रिलची

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक विचारतात: २०२२पासून घरं विकण्याचं अर्धवेळ काम करते, ब्रोकरकडून मिळालेलं कमिशन नवऱ्याबरोबरच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवलं, आता सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःचं काम करणाऱ्यांनी सरकारी पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठी भरायचा कर) द्यावा लागेल का? अशी पत्रं दर मोसमाला येतात.

लागेल. ‘अर्धवेळ’ला इथे काडीची किंमत नाही. वर्षाला निव्वळ ४०० डॉलर सुटले की हा कर लागला. तुम्ही भाड्याने दिलेल्या टाउनहाउसचं भाडं मात्र यात ओढू नका, त्यावर सहसा हा कर नसतो.

खरी मेख मुदतीत आहे. वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने आणि १५ दिवसांत ही कमाई स्वयंरोजगाराची म्हणून दाखवली, तरच ती सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, खात्यात चढते. २०२२ची मुदत १५ एप्रिल २०२६ला संपते. त्यानंतर पैसे भरलेत तरी क्रेडिट, म्हणजे पेन्शनच्या पात्रतेसाठी कमाईवर मिळणारा गुण, मिळणार नाही.

खर्च वजा जाता तुमचे २०२२चे १४,००० डॉलर उरतात. त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे सुमारे १,९७८ डॉलर. बदल्यात त्या वर्षाची चारही क्रेडिट्स; वर्षाला जास्तीत जास्त तेवढीच मिळतात. पेन्शनला अशी ४० लागतात, आणि भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे पुण्याच्या बँकेतली तुमची नऊ वर्षं इथे मोजली जात नाहीत.

ब्रोकरचा १०९९ फॉर्म (तुम्हाला किती पैसे दिले ते सांगणारा) दरवर्षी यायचा आणि तुम्ही तो फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवायचात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यावर ‘नॉन-एम्प्लॉयी’, म्हणजे नोकरदार नव्हे, असं छापलेलं असतं हो! निदान सीपीएला, म्हणजे तुमच्या अकाउंटंटला, तरी दाखवायचात.

आता १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरा, सोबत शेड्यूल सी (धंद्याचा जमाखर्च) आणि एसई (या कराचा हिशोब). प्रत्येक वर्षाचा वेगळा, पण आधी २०२२चा. या कराचा निम्मा भाग उत्पन्नातून वजा होतो, म्हणून इन्कम टॅक्स थोडा उतरेल. ओपन हाउसच्या (ग्राहकांना घर दाखवण्याच्या) फेऱ्यांचे मैल खर्चात धरायला जुन्या कॅलेंडरवरून काढा, पण फुगवू नका. दंड आणि व्याज किती, हे जुनी रिटर्न्स पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

यंदासाठी नवऱ्याच्या डब्ल्यू-४मध्ये (पगारातून किती कर कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) जादा कपात लिहून द्या. ती वर्षभर सारखी कापली असं धरतात, त्यामुळे कराच्या तिमाही आगाऊ हप्त्यांची कटकट बहुधा टळेल. २०२२चे कागद मात्र बहुतेक पोस्टानेच जातील. सर्टिफाइड मेलने पाठवा, आणि शिक्का मारलेली पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.