आयनांबराचे नकाशे काढायचे तर शिकायचं काय?

पत्र: माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. मोबाइलमधल्या जीपीएसच्या सिग्नलवरून वातावरणाच्या वरच्या थरांचे नकाशे काढतात, असं तिनं वाचलं आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ असं ती म्हणते आहे. आम्ही दोघं संगणक अभियांत्रिकीचा विचार करत होतो. हे खरंच करिअर आहे, की छंद म्हणून ठेवावं? आणि यासाठी नेमका कोणता कोर्स असतो? – एक आई

नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पालकांची धावपळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. या नावाचा कोर्स शोधत बसू नका. पदवीच्या पातळीवर तो सहसा नसतोच, आणि उद्या कुणी काढला तरी अठराव्या वर्षी इतक्या अरुंद दारातून आत शिरू नये, असंच मी सांगेन. या क्षेत्रात काम करणारी माणसं भौतिकशास्त्रातून येतात, इलेक्ट्रॉनिक्समधून येतात, गणितातून येतात, भूमापनातून येतात. नकाशापाशी ती नंतर भेटतात.

लेक म्हणते आहे ते नेमकं काय, हे तुम्हा दोघांनाही कळायला हवं. नाहीतर घरातली चर्चा ‘ते जीपीएसचं काहीतरी’ याच्या पुढे जाणार नाही.

जमिनीपासून साठेक किलोमीटर वर गेलं की हवा अतिशय विरळ होते आणि सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हा थर म्हणजे आयनांबर. तो वर हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो, आणि तीनशे किलोमीटरच्या आसपास सगळ्यात दाट असतो. जीपीएसचे उपग्रह त्याच्याही खूप वर, सुमारे 20,200 किलोमीटरवर फिरतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सिग्नलला खाली येताना हा थर ओलांडावाच लागतो, आणि ओलांडताना त्याला थोडा उशीर होतो. किती उशीर, ते वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले आणि सिग्नलची वारंवारता किती, यावर ठरतं.

याचाच फायदा घेतात. एकच उपग्रह 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर सिग्नल पाठवतो. घड्याळाची चूक, उपग्रहाच्या जागेतली चूक, खालच्या हवेतल्या बाष्पाचा परिणाम हे सगळं दोन्ही सिग्नलांना सारखंच लागू पडतं, म्हणून वजाबाकी केली की निघून जातं. आयनांबर मात्र कमी वारंवारतेला जास्त थोपवतं. त्या फरकावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या काढतात. तिला या कामातली माणसं ‘टीईसी’ म्हणतात. एक चौरस मीटर बुडाच्या खांबात 1 वर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले की ते झालं एक एकक. एका एककामुळे जीपीएसच्या मुख्य सिग्नलवर मोजलेलं अंतर साधारण 16 सेंटिमीटरनं चुकतं. सूर्य जोरात असेल, तर विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात दुपारी शंभर एककंही होतात. म्हणजे चूक गेली सोळा मीटरवर. रस्ता शोधणाऱ्याला ही चूक नको असते. तुमच्या मुलीला नेमकी तीच हवी आहे.

तिनं वाचलं ते बहुधा गूगलच्या संशोधकांचं काम असावं. नोव्हेंबर 2024 मध्ये ते ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. सुमारे चार कोटी अँड्रॉइड फोनांची मोजमापं एकत्र करून त्यांनी आयनांबराचा नकाशा काढला. एकट्या फोनचं मोजमाप फार खडबडीत असतं, कारण त्याचा अँटेना इवलासा असतो. पण फोनांची संख्या इतकी मोठी की सरासरीत खडबडीतपणा विरतो. जमिनीवरच्या कायमच्या जीपीएस स्थानकांच्या तुलनेत व्याप्ती दुप्पट झाली, आणि जिथे स्थानकं विरळ आहेत तिथलं चित्र स्पष्ट झालं. सुट्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात; भारतावर आणि दक्षिण अमेरिकेवर सूर्यास्तानंतर उठणारे त्याचे बुडबुडेही, म्हणजे इलेक्ट्रॉन एकदम कमी असलेले पट्टे, त्यात दिसले. अशा बातमीनं एखादी मुलगी झपाटून गेली, तर मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही.

पण या कामाचा रोजचा चेहरा तिला बातमीतून कळलेला नाही, आणि तो मला तिला दाखवायचा आहे. उपग्रहाची यंत्रणा दोन वारंवारतांना किंचित वेगवेगळा उशीर लावते. जमिनीवरचा ग्राही, म्हणजे सिग्नल पकडणारं यंत्र, तोही लावतो. हा ठरावीक फरक आयनांबराच्या आकड्यात बेमालूम मिसळतो आणि तो वेगळा काढण्यात माणसांचे महिने जातात. सिग्नल मध्येच तुटतो, मोजणी उडी मारते. इमारतीवर आपटून आलेला सिग्नल खोटा उशीर दाखवतो. उपग्रह तिरका असेल, तर तिरप्या वाटेवरची संख्या उभ्या खांबात बदलायची, तीही सगळा थर 450 किलोमीटरवर एका पातळ कवचात गोळा झालाय असं धरून. ते खरं नसतं, हे माहीत असताना. नकाशा रंगीत दिसतो. त्यामागचं काम मात्र निवडत बसण्याचं आहे.

ज्यांना या निवडण्यात रस वाटतो त्यांना काय सापडतं, तेही सांगते. 11 मार्च 2011 ला जपानजवळ मोठा भूकंप झाला. तिथे हजाराहून जास्त जीपीएस स्थानकांचं जाळं होतं, ते जमिनीची हालचाल मोजण्यासाठी. त्याच नोंदींमध्ये समुद्र उसळल्यानंतर दहाएक मिनिटांत आयनांबरात वर्तुळाकार तरंग पसरताना दिसले. पाणी वर उचललं गेलं, त्यानं हवा ढकलली, आणि तो धक्का तीनशे किलोमीटर वर पोचला. जानेवारी 2022 मधल्या टोंगाच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचे तरंग तर जगभर उमटले. मला स्वतःला या क्षेत्रातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते: खालच्या घटनेची नोंद इतक्या उंचावर उमटते, आणि ती एका ‘चुकीत’ सापडते.

आता शिक्षण. माझा कल भौतिकशास्त्राकडे आहे, आणि त्याचं कारण एका उदाहरणानं सांगते. दुपारी चुंबकीय विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन सगळ्यात जास्त असावेत, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथे ते कमी, आणि दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर जास्त असतात. विद्युतक्षेत्र त्यांना कारंज्यासारखं वर उचलतं आणि ते चुंबकीय रेषांवरून दोन्हीकडे उतरतात. ज्याला फक्त प्रोग्रॅमिंग येतं, तो हा नकाशा पाहून आपला प्रोग्रॅम चुकला असं समजेल. म्हणून विद्युतचुंबकत्व आणि प्लाझ्मा हे विषय पक्के हवेत. सोबत संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, पायथॉन. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि सिग्नल प्रोसेसिंग मनापासून केलं, तर तीही वाट उत्तम. तुमच्या संगणक अभियांत्रिकीला माझा विरोध नाही, पण मग तिला भौतिकशास्त्र स्वतःहून भरून काढावं लागेल, आणि चार वर्षं ते निभावणं सोपं नसतं.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलते. शुद्ध संशोधनात जायचं तर पीएच.डी. लागेल, नंतर काही वर्षं ठरावीक मुदतीच्या जागांवर काढावी लागतील, आणि कायमच्या जागा थोड्याच. ही गोष्ट घरात आजच बोलून ठेवा. मात्र हे कसब लागणारी ठिकाणं फक्त प्रयोगशाळा नाहीत. विमानांना उतरताना जीपीएस दुरुस्त करून देणाऱ्या यंत्रणांचा मोठा भाग आयनांबराचाच असतो. अमेरिकेची ‘वास’ (WAAS), युरोपची ‘एग्नॉस’, भारताची ‘गगन’ या त्यांतल्याच. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीसाठी अवकाश हवामानाचे, म्हणजे सौर वादळांसारख्या घडामोडींचे, इशारे देणारी केंद्रं 2019 पासून काम करत आहेत. मे 2024 च्या सौर वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडखळले, तेव्हा अचूक शेतीची यंत्रं करणाऱ्यांनाही या विषयाचं महत्त्व चांगलंच कळलं. चिप बनवणारे, भूमापनाची उपकरणं करणारे, लहान उपग्रहांवरून मोजमाप विकणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना गोंगाटातून खरा आकडा काढणारी माणसं लागतात. यातलं काहीच जमलं नाही, तरी मोजमापं तपासण्याची ही सवय इतर क्षेत्रांतही उपयोगी पडते.

प्रवेशाचा निर्णय घेण्याआधी एक काम तिच्याकडून करून घ्या. इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिसच्या (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह यंत्रणा) जगभरातल्या स्थानकांच्या नोंदी इंटरनेटवर मोफत मिळतात. तिनं विषुववृत्ताजवळचं एक स्थानक निवडावं, एका दिवसाची फाइल उतरवावी आणि दोन वारंवारतांच्या फरकाचा आलेख स्वतः काढावा. तयार नकाशाची चित्रं पाहणं यात धरायचं नाही. पहिले आठ दिवस फाइलची मांडणी समजण्यातच जातील, आलेखात उड्या दिसतील, ऋण संख्या येतील. इलेक्ट्रॉनांची संख्या ऋण कशी, असा प्रश्न पडून ती रात्री जागी राहिली, तर माझं उत्तर ‘जाऊ द्या तिला’ असं आहे. कंटाळून बाजूला ठेवलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं; तिला विषयाची गोष्ट आवडली, काम नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात तिची काही चूक नाही. या काळात मदतीला कुणी बसवू नका, आणि ‘झालं का?’ असंही रोज विचारू नका.

आलेख निघाला, तर तो मला नक्की पाठवायला सांगा. सूर्य मावळल्यानंतरच्या तीन-चार तासांत रेघ मध्येच खाली कोसळलेली दिसते का, ते मला पाहायचं आहे. दिसली, तर तिच्या हाताला प्लाझ्माचा पहिला बुडबुडा लागलेला असू शकतो.