कासवाला बागेत सोडताना

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. माझ्या मुलीने हर्मन जातीचे कासव पाळले असून ते सहा वर्षांचे आहे. थंडीत ते घरातच दिव्याच्या उबेत असते. आता मे महिना लागल्यामुळे त्याला मागच्या बागेत सोडावे असे वाटते. कुत्र्याच्या पिल्लासाठी आणलेल्या जाळीच्या कुंपणात ते ठेवून पाहिले, पण ते सारखे जाळीशी झटत राहते. कवचाच्या कडेला लहानसे भोक पाडून दोरी बांधावी, असे शेजारी सुचवतात. हे योग्य आहे का? किती तापमानात बाहेर ठेवावे आणि रात्री बाहेर राहिले तर चालेल का?

– एक वाचक, रेडिंग

उत्तर : कवचाला भोक कदापि पाडू नये. कवच हे पाठीवर ठेवलेले निर्जीव झाकण नव्हे. ते मणक्याशी आणि फासळ्यांशी एकजीव झालेले जिवंत हाड आहे, त्याला रक्तपुरवठा असतो, मज्जातंतू असतात आणि वरच्या खवल्यांवरचा स्पर्शही कासवाला कळतो. भोक पाडताना त्याला वेदना होतात आणि पुढे त्या जागी जंतुसंसर्ग होऊन हाड कुजू शकते. पायाला दोरी बांधणेही तितकेच वाईट, कारण ती कातडीत रुतते, झुडपात अडकते आणि सुटण्याच्या धडपडीत कासव उलटे होते.

बाहेर सोडण्याचा विचार मात्र अगदी योग्य आहे. उन्हातील अतिनील किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून आहारातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. ते कमी पडले की कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. चांगला दिवा थंडीत आधार देतो, पण मोकळ्या उन्हाची बरोबरी करू शकत नाही.

जाळीशी झटण्याचे कारण साधे आहे. कासवाला जाळीपलीकडचे गवत दिसते आणि जे दिसते तिथे चालत जाता येईल असे त्याला वाटते. म्हणून ते नाक आणि पुढचे पाय खरचटेपर्यंत ढकलत राहते. त्याऐवजी लाकडी फळ्यांचे किंवा विटांचे, आरपार न दिसणारे कुंपण करावे. प्रौढ हर्मन कासवासाठी जमिनीवर साधारण ३० ते ४० सेंटिमीटर उंची पुरते, परंतु फळी २०-३० सेंटिमीटर जमिनीतही गाडावी, कारण ही कासवे कडेने उकरतात. सर्वांत कच्ची जागा म्हणजे कोपरा. दोन्ही बाजूंना पाय टेकवून ते तेथून आश्चर्य वाटावे इतक्या सहज वर चढते. तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर आतल्या बाजूला आडवी फळी ठोकावी. कुंपणालगत दगड किंवा कुंडी ठेवू नये, नाहीतर तिचीच पायरी होते.

तापमानाबाबत केवळ हवेचा आकडा पाहून भागत नाही. कासव अंगातून उष्णता निर्माण करत नाही. त्याला अन्न पचवण्यासाठी शरीर सुमारे ३० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि ती ऊब उन्हाने तापलेल्या दगडावरून, भिंतीवरून मिळते. स्वच्छ ऊन असेल तर १८ अंशांच्या हवेतही ते मजेत चरेल, आणि ढगाळ, ओलसर दिवशी तेवढ्याच तापमानात गारठून बसेल. हॅम्पशायरमधील सेलबोर्नचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८० पासून टिमोथी नावाचे कासव होते. शरद ऋतूत ते भिंतीला कवच तिरके टेकवून मंद ऊन अंगावर घेते आणि पावसाची चाहूल लागताच आडोसा गाठते, हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले होते. (टिमोथी मादी होती, हे मात्र मृत्यूनंतर कळले.) इंग्लंडमधल्या बागेची आखणी कशी असावी, हे यातून समजते : दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत, उन्हाकडे उतरता मातीचा उंचवटा, दोन-चार सपाट दगड आणि पावसात शिरायला कोरडी पेटी.

रोपांसाठी वापरतात तशी झाकणाची पारदर्शक पेटी कुंपणात ठेवली, तर थंड दिवसांतही आत ऊब राहते. मात्र पॉलिकार्बोनेटचे झाकणही अतिनील किरण अडवते, म्हणून ऊन पडले की कासवाला तेथून बाहेर येता आले पाहिजे. त्याला काचेच्या टाकीत किंवा प्लास्टिकच्या खोक्यात घालून उन्हात ठेवणे प्राणघातक आहे. आतली हवा काही मिनिटांत तापते आणि त्याला पळायला जागा नसते. कुंपणात दिवसभर कुठे ना कुठे दाट सावली हवी आणि हनुवटीपर्यंतच पाणी येईल अशी उथळ ताटली हवी. बागेत तळे असेल तर ते पूर्ण बंद करावे, कारण जमिनीवरचे कासव पोहू शकत नाही.

डँडेलियन, क्लोव्हर, प्लँटेन ही तणे बागेत मुद्दाम राहू द्यावीत. तोच त्याचा उत्तम आहार आहे. फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल, ऱ्होडोडेंड्रॉन आणि यू ही विषारी झाडे कुंपणात नकोत. हिरवळीवर तणनाशक मारले असेल तर तेथे त्याला चरू देऊ नये. मेटाल्डिहाइड असलेल्या गोगलगायीच्या गोळ्यांचा उघड्यावरील वापर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंद आहे, तरी शेडमध्ये जुना डबा पडून नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

रात्री त्याला घरात आणावे. मे महिन्यात इंग्लंडमध्ये रात्रीचे तापमान १० अंशांखाली सहज जाते, शिवाय कोल्हे आणि उंदीर रात्रीच हिंडतात आणि उंदीर सुस्तावलेल्या कासवाचे पाय कुरतडतात. दिवसाही कुत्र्यापासून त्याला दूर ठेवावे, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो. कुंपणावर जाळीचे झाकण असले तर मॅगपाय आणि कावळे यांची भीती राहत नाही.

कासव हरवलेच, तर ते फार दूर गेले नसेल असे धरून भिंतींच्या कडा, झुडपांचे बुंधे आणि शेडखालची जागा आधी तपासावी. सकाळी पहिले ऊन जिथे पडते तिथे ते बहुधा बाहेर येते. त्याच्या अंगात मायक्रोचिप आहे का, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे आणि तिचा क्रमांक खरेदीच्या प्रमाणपत्रासोबत जपून ठेवावा.

हे उत्तर वाचून महाराष्ट्रातील कोणी गच्चीत कासवासाठी कुंपण करू नये. तेथे चोरून विकले जाणारे तारांकित कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे. असे कासव आपल्याकडे आले असेल, तर त्याला परस्पर माळावर किंवा, त्याहून वाईट म्हणजे, विहिरीत सोडू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि कर्मचारी येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, सावलीत, शांत ठेवावे.