माळरानावर मोबाइल घेऊन जाताना

प्रश्न : वर्गात ५० मुलं आणि प्रकल्पासाठी मोबाइल मिळतात जेमतेम चार. पर्यावरणावर व्हिडिओ कसा करून घ्यायचा? (शिक्षिका, विजापूर रोड, सोलापूर)

चार पुष्कळ झाले. व्हिडिओ नंतर, आधी फोटोमालिका करून घ्या. कंबर तलावाच्या काठी एक जागा ठरवा, खूण करा आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथूनच, त्याच कोनातून एक फोटो. पाणी किती मागं सरकलं, जलपर्णी वाढली की घटली, हे चार महिन्यांत समोर येईल. एका गटाकडे फोटो, दुसऱ्याकडे तारीखवार नोंदी, तिसऱ्याकडे मुलाखती. शहराच्या पूर्व भागातल्या मुलांना घरची तेलुगू येते, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. मुलाखती त्या भाषेत होऊ द्या, खाली मराठी ओळी टाकता येतात.

प्रश्न : आम्ही नववीतल्या मुलींनी नान्नजजवळच्या ओसाड माळाचा व्हिडिओ केलाय. शेवटी ‘चला, झाडं लावून हा माळ हिरवा करू’ असं म्हटलंय. सर म्हणाले, तुम्हाला दाखवा.

बरं केलं सरांनी. शेवटचं वाक्य काढा, ‘ओसाड’ही काढा. हे गवताळ माळरान आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते अशाच माळावर. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. धोका लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळं रान लागतं. काळवीटही असंच मोकळं रान धरून राहतं. तिथं दाट झाडी लावली की त्यांचा निवाराच गेला. शिवाय उन्हाळ्यात पिवळं पडलेलं गवत मुळाशी जिवंत असतं. मे महिन्यातला आणि जुलैतला, एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवा. मेंढ्या कुठलं गवत आधी खातात, हे एखाद्या मेंढपाळ आजोबांना विचारा. निवेदन निम्मं करा, टिटवी ऐकू येऊ दे. (वृक्षारोपणाचे फोटो काढून घेणाऱ्या मोठ्यांनाही दाखवा!)

मात्र अंडं दिसलं तर चित्रीकरण न करता मागं फिरायचं आणि नेमकी जागा कुणाला पाठवायची नाही. निसर्गातल्या नोंदी टाकायचं आयनॅचरलिस्ट ॲप संकटग्रस्त प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सोय नाही.

प्रश्न : मुलांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकावेत का? (मुख्याध्यापक)

पालकांची लेखी संमती घेऊन, शाळेच्याच चॅनेलवर. गुण मात्र नोंदवहीला द्या, व्ह्यूजना नकोत. आणि टाकण्याआधी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दाखवा. गवताचं नाव चुकलं असेल तर तेच सांगतील.