'अभिलेख उपलब्ध नाहीत' असं पत्र आलंय? विषय बदलू नका, अपील करा आणि शिक्षण खात्यात शोधा

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचं ते पत्र डोळ्यांसमोर आलं. 'सदर कालावधीचे अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.' एवढी एक ओळ, खाली सही आणि शिक्का. तुम्हाला आलेलं वाक्यही हेच. एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी तुम्हाला 'केंद्रीय क्रीडामंत्रिपदाचा इतिहास, स्वातंत्र्यापासून आजपर्यंत' हा विषय मिळाला, तुम्ही माहिती अधिकारात युवा कार्यक्रम व क्रीडा मंत्रालयाकडे १९४७ ते २००० ची मंत्र्यांची यादी आणि संबंधित नस्त्या (फायली) मागितल्या, आणि ९ तारखेला हे पत्र हातात पडलं. आता विषय बदलावा का, असं विचारताय. माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. माझ्या पीएच.डी.चं एक अख्खं प्रकरण याच पदावर होतं आणि त्याच प्रकरणाने माझे चौदा महिने खाल्ले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

अर्ज कसा करायचा, दहा रुपये कसे भरायचे हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहितेय ते स्वतः अर्ज-अपिलं करून शिकलेलं आहे, तेव्हा कलमं एकदा स्वतः वाचून घ्या.

आधी ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त फटका बसला ती सांगते. असं पत्र आल्यावर मी त्या कार्यालयाला फोन केला. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. पलीकडचे गृहस्थ फार गोड बोलले. 'मॅडम, तुमचं काम आमच्या लक्षात आहे, जुनी कपाटं बघायला माणूस लावलाय, सुधारित पत्र सहीला गेलंय, अपील कशाला करता, उगाच कागद वाढतील.' मी विश्वास ठेवला. दर आठवड्याला फोन करायचे. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी रजेवर. पत्र मात्र कायम सहीलाच. अपिलाची ३० दिवसांची मुदत निघून गेली. दोन महिन्यांनी शेवटी अपील केलं तर ते मुदतबाह्य म्हणून फेटाळलं. उशिराला सबळ कारण असेल तर अपील दाखल करून घेता येतं, तशी तरतूद आहे. पण माझं कारण म्हणजे फोनवरचं बोलणं, त्याचा एक चिठोराही माझ्याकडे नव्हता. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तेच उत्तर. मधल्या काळात विद्यापीठाकडून मुदतवाढ घ्यावी लागली, बिनपगारी रजा टाकून दोनदा दिल्ली गाठली. पहिल्या खेपेला तर तीन दिवस त्याच कार्यालयाच्या बाकावर बसून परत आले. त्या तीन दिवसांचा राग अजून गेलेला नाही. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत एकानेही 'बाई, तुम्ही चुकीच्या दारात बसला आहात, हे कागद शिक्षण खात्याचे' एवढं वाक्य उच्चारलं नाही. त्यांना ते माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार त्यांचंच काम आहे.

आता मूळ गोष्ट. तुम्ही आणि मी, दोघांनीही आजच्या मंत्रालयाच्या नावाने जुने कागद मागितले. स्वतंत्र मंत्रालय झालं २७ मे २००० रोजी. त्याआधीचं सगळं दुसऱ्याच नावांखाली आहे, आणि हा इतिहास म्हणजे खरं तर त्या नावांचाच इतिहास आहे.

मी कराडजवळ शिकवते. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी जमवावी लागली हे इथली पोरं शाळेतच ऐकतात. त्या वेळी दिल्लीत क्रीडामंत्री कोण होता, या प्रश्नातून माझा विषय सुरू झाला. उत्तर असं, की त्या नावाचं पदच नव्हतं. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, खेळाडूंच्या प्रशिक्षणाची जी पहिली मोठी योजना आली ती ओळखली गेली राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने, आणि त्या होत्या आरोग्यमंत्री. १९५४ ची अखिल भारतीय क्रीडा परिषद, १९५७ चं ग्वाल्हेरचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय, १९६१ ची पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, हे सगळं शिक्षण मंत्रालयाच्या काळातलं. राज्यघटनेत खेळ हा विषय राज्यसूचीत आहे, ३३ व्या नोंदीत, नाटक-सिनेमा आणि करमणुकीच्या सोबत. केंद्रात स्वतंत्र पद व्हायला इतकी वर्षं का लागली याचा विचार करताना ही नोंद समोर ठेवा. तुमच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात मी तरी तिथूनच केली असती.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो टप्पा १९६९ चा. त्या वर्षी मंत्रालयाचं नाव झालं 'शिक्षण व युवक सेवा' आणि मंत्री होते व्ही. के. आर. व्ही. राव. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. म्हणजे 'युवक' हा शब्द केंद्रीय मंत्र्याच्या पदनामात स्वतंत्र मंत्रालयाच्या एकतीस वर्षं आधी आला. १९७१ पर्यंत तो टिकला. मग 'शिक्षण व समाजकल्याण' आलं, नुरुल हसन, प्रतापचंद्र चंदर यांच्या काळातलं. १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रं सुरू झाली ती या नावाखाली. तेव्हा लोकसभेतला खेळाबद्दलचा प्रश्न तुम्हाला 'शिक्षण व समाजकल्याण मंत्री सांगतील काय' असाच सापडेल. 'क्रीडामंत्री' म्हणून शोधलंत तर हाताला काही लागणार नाही.

'क्रीडा' नावाचा वेगळा विभाग झाला तो १९८२ मध्ये, दिल्लीच्या नवव्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने, आणि खातं आलं बूटा सिंग यांच्याकडे. स्पर्धेच्या संयोजनाची मुख्य जबाबदारीही त्यांच्यावरच होती. भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि पहिलं राष्ट्रीय क्रीडा धोरण ही त्यानंतरची, १९८४ ची. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष, तेव्हा विभागाच्या नावात 'युवा कार्यक्रम' जोडलं गेलं. त्याच सप्टेंबरात मनुष्यबळ विकास मंत्रालय, म्हणजे शिक्षण खात्याचंच नवं रूप, जन्माला आलं आणि हा विभाग त्याच्या पोटात गेला.

इथे तुमची यादी अडखळणार, माझीही अडखळली. १९८५ पासून २००० पर्यंत 'क्रीडामंत्री' म्हणायचं कुणाला? पी. व्ही. नरसिंह राव पहिले मनुष्यबळ विकास मंत्री, आणि युवा व क्रीडा पाहणाऱ्या राज्यमंत्री मार्गारेट अल्वा. १९९१ मध्ये वर अर्जुन सिंग आणि क्रीडा विभागाच्या राज्यमंत्री ममता बॅनर्जी. १९९३ मध्ये त्या पदावरून गेल्या, मग आपल्या विदर्भातले मुकुल वासनिक आले. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्यांत ही नावं एकाखाली एक अशी लावली आहेत, दर्जा न सांगता. तुम्ही तसं करू नका. दोन रकाने करा: एक कॅबिनेट मंत्र्याचा, दुसरा प्रत्यक्ष खातं पाहणाऱ्या राज्यमंत्र्याचा. आणि 'राज्यमंत्री' म्हणजे केंद्रातलाच, कॅबिनेट मंत्र्याहून खालच्या दर्जाचा मंत्री, अशी तळटीप द्या. माझ्या तोंडी परीक्षेत एका ज्येष्ठ परीक्षकांनी त्याचा अर्थ राज्य सरकारातला मंत्री असा घेतला होता आणि मला पाच मिनिटं त्यावर बोलावं लागलं.

२००० नंतरचं सोपं आहे, राजपत्रात आणि राष्ट्रपती भवनाच्या प्रसिद्धिपत्रकांत सगळं मिळतं. सुखदेव सिंग धिंडसा, उमा भारती, विक्रम वर्मा, मग २००४ मध्ये मुंबईचे खासदार सुनील दत्त, जे पदावर असतानाच २५ मे २००५ रोजी गेले. २००६ च्या जानेवारीपासून मणिशंकर अय्यर, २००८ मध्ये मनोहरसिंग गिल, २०११ मध्ये अजय माकन. एक खड्डा आधीच दाखवते: जितेंद्र सिंग दोन आहेत. २०१२ ते २०१४ चे राजस्थानातल्या अलवरचे, काँग्रेसचे. आणि मे २०१६ मध्ये सर्वानंद सोनोवाल आसामचे मुख्यमंत्री झाल्यावर जेमतेम दीड महिना खातं सांभाळणारे जम्मूकडच्या उधमपूरचे, भाजपचे. मी एका छापील संदर्भात दोघांना एकच माणूस केलेलं पाहिलं आहे. ३० एप्रिल २००८ ही तारीखही लिहून ठेवा. त्या दिवसापासून मंत्रालयात युवा कार्यक्रम आणि क्रीडा असे दोन विभाग झाले, दोन वेगळे सचिव. अर्ज कोणत्या विभागाला करताय ते पाहूनच करा, नाहीतर एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

माझं मत विचाराल तर नुसती यादी हा प्रबंध नव्हे. यादीशेजारी ऑलिंपिकच्या तारखा लावा. मी लावल्या आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. सिडनी सप्टेंबर २०००, धिंडसा आले मेमध्ये. अथेन्स ऑगस्ट २००४, सुनील दत्त आले मेमध्ये. बीजिंग ऑगस्ट २००८, गिल आले एप्रिलमध्ये. रिओचं उद्घाटन ५ ऑगस्ट २०१६ ला, विजय गोयल यांनी खातं घेतलं बरोबर एक महिना आधी. टोकियो सुरू झालं २३ जुलै २०२१ ला, आणि ७ जुलैला किरेन रिजिजूंकडून खातं अनुराग ठाकूरांकडे गेलं. पॅरिस जुलै २०२४, मनसुख मांडविया आले जूनमध्ये. (राज्यमंत्री म्हणून आपल्या रावेरच्या रक्षा खडसे.) या शतकातल्या सात स्पर्धांपैकी एकट्या लंडनच्या वेळी मंत्री वर्षभराहून जास्त काळ खुर्चीवर होता. २००४ आणि २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक आणि ऑलिंपिक एकाच वर्षी आले, तिथे बदल समजू शकतो. बाकीच्यांचं काय? खेळाडू चार वर्षांचं गणित मांडून घाम गाळतो. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत मात्र सहा मंत्री झाले आणि एकानेही सलग चार वर्षं पूर्ण केली नाहीत. त्यांत राज्यवर्धन सिंग राठोड होते, स्वतः अथेन्सचे रौप्यपदक विजेते. त्यांनाही दोन वर्षं मिळाली नाहीत. मला हे मनापासून लागतं. माझ्या महाविद्यालयातल्या मुली जिल्हा पातळीवर धावतात तेव्हा त्यांना हे पद कुणाकडे आहे याने फरक पडत नाही असं लोक म्हणतात. पण योजना, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षण केंद्रं यांना दर दीड-दोन वर्षांनी नवा माणूस हात घालतो तेव्हा फरक पडतो. पदकांचा आणि मंत्री बदलण्याचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही, आणि तुम्हीही तसं लिहू नका. मार्गदर्शक लगेच पकडतील.

महाराष्ट्राचं एक प्रकरण जोडणार असाल तर लक्षात ठेवा, मंत्रालयातला विभाग 'शालेय शिक्षण व क्रीडा' आहे, पण मंत्र्यांना खातं दिलं जातं ते 'क्रीडा व युवक कल्याण' म्हणून, अनेकदा भलत्याच खात्याच्या जोडीने. २०२० मध्ये सुनील केदारांकडे ते पशुसंवर्धन आणि दुग्धविकासासोबत होतं. इथेही शोधायचं विभागाच्या नावाने, मंत्र्याच्या नाही.

कागद प्रत्यक्षात कुठे मिळतील? दिल्लीत जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, शिक्षण मंत्रालयाच्या नस्त्यांमध्ये. कायम जपायचे सरकारी कागद पंचवीस वर्षांनंतर तिकडे जातात. जाण्याआधी 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर शोधा आणि नस्तीचे क्रमांक लिहून न्या, मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा ते नेले नव्हते. लोकसभेच्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात, मला सर्वांत जास्त माल तिथेच मिळाला. आणि कोणतं काम कोणत्या मंत्रालयाकडे हे ठरवणारे १९६१ चे कार्यवाटप नियम आणि त्यांच्या दुरुस्त्या, त्या मिळवाच. नावबदलाची नेमकी तारीख वर्तमानपत्रापेक्षा तिथे पक्की असते.

आता आजचं काम. पत्र ९ तारखेला मिळालं, आज २७. अठरा दिवस गेले, बारा उरले. प्रथम अपिलाला केंद्रात शुल्क नाही. अपिलात एवढंच मागा: कलम ६(३) नुसार माझा अर्ज शिक्षण मंत्रालयाकडे आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वर्ग करावा, आणि जुन्या नस्त्या केव्हा, कुठे हस्तांतरित झाल्या त्याच्या यादीची प्रत द्यावी. ही हस्तांतराची यादी नस्त्यांपेक्षा महत्त्वाची, तीत क्रमांक असतात. 'का' आणि 'कसे' असे प्रश्न घालू नका, त्यावर उत्तर टाळायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. ऑनलाइन केलंत तर नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, टपालाने पाठवलंत तर स्पीड पोस्टची पावती लगेच झेरॉक्स करून घ्या, त्यावरची शाई सहा महिन्यांत उडते. फोन करू नका, आणि त्यांचा फोन आला तर 'हेच ईमेलवर लिहून पाठवा' म्हणा. १९६९ ते ७१ मधल्या नस्त्यांचे माझ्याकडचे क्रमांक मी रविवारी वही काढून इथेच खाली टाकते.