जुने सर किंवा बाई खूप वर्षांनी दिसल्या तर ओळख द्यावी का? आपण त्यांना आठवत असतो का?

द्या की, बिनधास्त द्या. तुम्ही लिहिलंय की मधल्या बाकावरचे होता, ना हुशार ना वांड, म्हणून संकोच वाटतो. चेहरा आठवेलच असं नाही, चौदा वर्षांचं पोरगं दाढीमिशा घेऊन समोर आलं तर कसं कळणार, पण नाव सांगितलं की अक्षर, बाकाची जागा, मागची भावंडं सगळं आठवतं. फक्त 'ओळखा बघू मी कोण' करू नका, फार वाईट वाटतं नाही ओळखलं की.

मी विट्याकडच्या एका शाळेत 29 वर्षं गणित शिकवलं. आमच्याकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, केरळपासून दिल्लीपर्यंत गेलेली, हे सगळ्यांना माहितीच आहे. 2019 ला लेकीबरोबर केरळ फिरायला गेले होते, त्रिशूरच्या एका गल्लीत आतून आवाज आला, 'मूस फुटंल, हळू धर', मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तर मी थांबलेच. तोंडावर भट्टीची धग, भिंतीवर महाराजांचा फोटो, आणि एक जण हात पुसत बाहेर आला, 'बाई, वळखलं का?' नाही ओळखलं. नाव सांगितल्यावर मात्र पोटात गोळा आला.

कारण हा पोरगा 2003 ला माझ्या नववीच्या वर्गात होता आणि आम्ही त्याला नापास केला होता. गणितात 31. चार मार्कांची सवलत देता येत होती, पण मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, असली पोरं दहावीला गेली की शाळेचा निकाल पडतो, त्यांना 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरायला सांगा. मी भांडले, मग सही केली. फॉर्म भरायला तो आलाच नाही, मामाबरोबर निघून गेला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक माल घेऊन आलं. ह्याने काट्यावर ठेवला, 86 ग्रॅम, टंच 91.6, म्हणजे शंभरात 91.6 भाग शुद्ध सोनं, आणि कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणाला, 'चोख अठ्ठ्याहत्तर पॉइंट सत्त्याहत्तर'. मी मनात गुणाकार करून बघितला, बरोबर होता. शेकडेवारी! ज्याच्यावर त्याचे मार्क गेले होते तीच.

आणि वर मला म्हणतो, 'बाई, तवा मी ढच होतो, तुमचा काय दोष.' सोळा वर्षं तो हे धरून बसला होता. मग मी सांगून टाकलं सगळं, 31 होते, चार देता आले असते, आम्ही दिले नाहीत. तो गप्प झाला. पोराला चहा आणायला पाठवलं, काटा पुसला, परत पुसला, मग विचारलं, 'खरंच एकतीस व्हते?' आणि लगेच आईला फोन लावला, 'आये, बाई आल्यात, मला एकतीस व्हते म्हंत्यात, चारनं ऱ्हायलो.' फोन माझ्या हातात दिला, मला धड बोलता येईना.

परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग बिघडलं काय, चांगला कमावतोय की. ह्याच वाक्याची मला चीड आहे. कमावतोय तो त्याच्या कष्टाने आणि मामाच्या आधाराने, त्याचं श्रेय शाळेने घेऊ नये. आणि ज्यांना मामा नव्हता ती पोरं कुठे आहेत ते आम्हाला माहीत पण नाही. निकाल शंभर टक्के लावायला नववीत पोरं गाळणाऱ्या शाळा मी तरी चांगल्या म्हणणार नाही, फ्लेक्स कितीही मोठा लावू देत.

हां, ज्या शिक्षकाने तुम्हाला मारलं, वर्गात जातीवरून, गरिबीवरून बोलला, त्याला ओळख द्यायची काही गरज नाही, सरळ पुढे जा. पण काही विचारायचं राहिलं असेल, मार्क का कापले, वर्गाबाहेर का काढलं, तर थांबून विचारा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते सांगायचं असतं, पण आपण होऊन जमत नाही. मलाही तो आधी ढ म्हणाला म्हणून तोंड उघडता आलं.