अर्ध्यावर सोडलेली ‘रिंगाण’ आणि इतर प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं नव्या मराठी कादंबऱ्यांबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी जन्माने बडोद्याची. शाळा गुजराती माध्यमातली, मराठी वाचायला आजीने शिकवलं. यंदा ठरवून नव्या मराठी कादंबऱ्या हातात घेतल्या. ‘उसवण’ दोन बैठकांत संपवली. ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ माझ्या भावाला फार आवडली, मला मध्येच कंटाळा आला. ‘रिंगाण’ तर अर्ध्यावर सोडली, बोली डोक्यावरून गेली. तिन्ही पुरस्कारप्राप्त पुस्तकं, त्यामुळे कोणाजवळ बोलायला संकोच वाटतो. तुमचं खरं मत सांगाल का? परीक्षणातली भाषा नको.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : खरं मत सांगते. पण मी कादंबरीकडे काय मागते ते आधी सांगते, म्हणजे माझं मत तुम्हाला तोलून घेता येईल. कादंबरीतली माणसं पोटासाठी काय करतात, हे लेखकाला आतून माहीत असलं पाहिजे. हात कसे चालतात, कुठे दुखतं, पैसे कधी मिळतात, कोण बुडवतं, हे सगळं. ते माहीत असलं की माणसांचं बोलणं आपोआप खरं होतं. ते माहीत नसलं की माणसं खिडकीशी उभी राहून विचार करत बसतात आणि पानं भरत जातात. हा माझा एकच निकष आहे. तो सगळ्यांनी मानावा असं नाही, पण मी त्यानेच वाचते.

‘उसवण’ तुम्हाला दोन बैठकांत संपवावीशी वाटली याचं मला नवल वाटलं नाही. देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांच्या दुकानांमुळे शिंप्याचं गिऱ्हाईक कसं आटत जातं, ही त्या कादंबरीची गोष्ट. 2024चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आई ब्लाउज शिवायची. नवरात्राच्या आधी चनिया-चोळ्यांचं काम इतकं यायचं की मशीनशेजारीच ताट वाढलं जायचं. मग बाजारात तयार चनिया-चोळ्या टांगलेल्या दिसायला लागल्या. आईच्या मापाच्या वहीत एकेका घरापुढची पानं कोरी राहू लागली. भांडण नाही, निरोप नाही. बायका यायच्या थांबल्या एवढंच. रस्त्यात भेटल्या की पूर्वीसारख्याच हसून बोलायच्या आणि अंगावर तयार कपडा असायचा. हे दुःख कोणावर रागावून बोलताही येत नाही, कारण स्वस्त मिळेल ते घेण्यात त्यांचं काय चुकलं? ‘उसवण’ वाचताना मला हे ओळखीचं दुःख भेटलं. लेखक शिंप्याला उगीच थोर करत नाही आणि त्याची कीवही करत नाही. तक्रार एकच आहे. कादंबरी फार लवकर संपते. घरातल्या बाईच्या वाट्याला आणखी पानं यायला हवी होती, कारण धंदा बसतो तेव्हा चूल तिलाच चालवायची असते.

‘काळेकरडे स्ट्रोक्स’बद्दल तुमचं आणि भावाचं एकमत व्हायलाच हवं असं नाही. प्रणव सखदेव यांना 2021चा युवा पुरस्कार या कादंबरीसाठी मिळाला. मुंबई आणि तिच्या उपनगरांतलं कॉलेजवयीन आयुष्य, मैत्री, प्रेम, आतली घालमेल तिच्यात आहे. भाषा ताजी आहे, मुलं जशी बोलतात तशीच लिहिली आहेत. मराठीत हे वय लिहिताना लेखक पुष्कळदा उपदेश तरी करतात नाहीतर हळवे तरी होतात. सखदेव दोन्ही टाळतात, त्याचं मोल मला वाटतं. पण निवेदकाच्या मनातच फार वेळ राहावं लागतं आणि तिथे माझाही धीर सुटतो. मला सारखं वाटत राहिलं, या मुलाला कोणीतरी रोजचं काहीतरी काम लावा. तुमच्या भावाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो विशी-बाविशीचा असेल तर त्याला जे दिसलं ते खरंच आहे. मला ते तितकं दिसत नाही, हेही तितकंच खरं.

आता ‘रिंगाण’. हिच्यासाठी मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

कृष्णात खोत यांची ही कादंबरी. हिला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठवलेल्या गावातला एक माणूस मागे राहिलेल्या आपल्या म्हशीला आणायला परत जातो. म्हैस आता माणसाची राहिलेली नाही, रानाची झाली आहे. एवढीच गोष्ट. धरणाने उठलेल्या माणसांवर मराठीत याआधी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आहे. तिला 1992चा अकादमी पुरस्कार मिळाला होता. ती मोठ्या पटाची. कचेऱ्या, मोबदला, पुढारी, फायली, सगळं तिच्यात येतं आणि वाचताना संताप येतो. खोतांनी तो सगळा पसारा बाजूला ठेवला आणि एक माणूस व एक जनावर समोरासमोर उभं केलं. माझ्या मते हे जास्त अवघड काम आहे. त्या माणसाला म्हशीची चाल, वास, हुंकार, रागाची खूण हे सगळं ठाऊक आहे, आणि लेखकालाही ठाऊक आहे. म्हणून ती म्हैस कशाचं तरी प्रतीक होऊन बसत नाही. ती म्हैसच राहते. गाव उठवलं तेव्हा माणसांना निदान कागद मिळाला. जनावराला कोणी काही सांगितलं नाही. हा विचार पुस्तक मिटल्यावरही माझ्या मनातून हलला नाही.

हे आपल्यापासून लांबचं आहे असंही समजू नका. सरदार सरोवराच्या पाण्यात गावं गेलेल्यांच्या वसाहती आपल्या डभोई आणि वाघोडिया तालुक्यांत आहेत. त्यांच्यात महाराष्ट्राच्या बाजूने आलेली कुटुंबंही आहेत. डभोईच्या रस्त्याने आपण कितीदा जातो. मी ‘रिंगाण’ वाचून झाल्यावर त्या रस्त्याने गेले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, यांची गुरं कुठे राहिली असतील?

बोलीचं म्हणाल, तर ती पन्हाळा-कोल्हापूर बाजूची आहे आणि आपल्या कानाला ती सवयीची नाही, हे अगदी मान्य. पण तुम्ही गुजराती माध्यमातून शिकलात, तेव्हा जोसेफ मॅकवान यांची ‘आंगळियात’ तुमच्या हातून नक्की गेली असेल. 1986ची कादंबरी, 1989चा अकादमी पुरस्कार. आणंदच्या आसपासच्या चरोतरमधले विणकर आणि त्यांचीच बोली. शहरी गुजराती घरातल्या मुलीला तीही पहिल्या पानापासून कळत नाही. तरी आणंद काही दूर नाही, म्हणून आपण ती आपली मानतो आणि नेटाने वाचतो. तेवढाच नेट ‘रिंगाण’ला द्या. पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर थांबू नका, तो पुढे दोनदा-तीनदा येतो आणि आपोआप उलगडतो. डोळ्यांना जे परकं वाटतं ते कानाला लवकर ओळखीचं होतं, असा माझा अनुभव आहे.

आणि तरीही नाही आवडली, तर नाही आवडली. मलाही काही ठिकाणी आवर्तनं जास्त वाटली. तीच घालमेल पुन्हा पुन्हा येते आणि मधला भाग जड जातो. हे मी कोणापुढेही म्हणेन. पुरस्कार समितीने दिलेला असतो. तुमचं वाचन तुम्ही केलेलं असतं.

प्रश्न : रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ मुलाने वाढदिवसाला दिली. जाडी बघूनच घाबरलो. वय एकाहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सगळी वाचलीच पाहिजे का?
— एक निवृत्त वाचक, मांजलपूर

उत्तर : काका, सगळी वाचायलाच पाहिजे असं अजिबात नाही, पण सुरू मात्र करा. 2019ची ही कादंबरी सातशेहून जास्त पानांची आहे. एका मराठा कुळाच्या पूर्वजांची गोष्ट ती कित्येक शतकांमधून सांगते. पठारे संगमनेरला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि माहिती तपासून घ्यायची ती शिस्त त्यांच्या लिखाणात जाणवते. त्यांना ‘ताम्रपट’साठी 1999चा अकादमी पुरस्कार मिळाला, तीही आकाराने मोठीच.

माझं मत असं. जिथे माणसं शेत धरतात, सोडतात, लढाईवर जातात, बायका मागे घर सांभाळतात, तिथे ही कादंबरी मला सोडवत नव्हती. विशेषतः त्यातल्या बायका. जिथे लेखक स्वतःच पुढे येऊन इतिहासाची चर्चा करतो, तिथे मी पानं उलटली. कुळाबद्दल लिहूनही कुळाचा फुकाचा अभिमान तिच्यात नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आपल्या बडोद्यात पूर्वजांच्या गोष्टी घरोघरी आहेत. कोणाचे पणजोबा सरकारवाड्यात होते, कोणाचे फौजेत. त्या गोष्टींमध्ये फक्त मानमरातब असतो. कर्ज, पळापळ, दुसरं लग्न, बुडालेली जमीन हे कोणी सांगत नाही. पठारे ते सांगतात.

एका वेळी एकाच पूर्वजाची गोष्ट घ्या, मग आठवडाभर पुस्तक बाजूला ठेवा. पुस्तक हातात धरायला जड आहे, तेव्हा मांडीवर उशी घ्या. मुलगा घरी असेल तेव्हा त्याच्याकडून एखादं प्रकरण वाचून घ्या. त्याने भेट दिली आहे, तेवढं तो आनंदाने करेल.

प्रश्न : मी सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. मराठी कादंबऱ्या फक्त गावाकडच्या आणि भूतकाळातल्याच असतात का?
— एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : नंदा खरे यांची ‘उद्या’ वाचा. तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. खरे स्वतः सिव्हिल इंजिनिअर होते. येऊ घातलेल्या काळातलं जग, माणसांवर सतत असलेली नजर, मोठ्या कंपन्यांची पकड हे त्यांनी लिहिलं. ‘उद्या’ला 2020चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला. 2022मध्ये ते गेले.

या कादंबरीत रडवणारे प्रसंग शोधू नका. पात्रांवर जीव जडावा अशी तिची रचना नाही, आणि मला ती उणीव वाटलीही. पण यंत्रणा कशी चालते, तिचा एक भाग हलवला की दुसरीकडे काय होतं, हे खरे यांना जसं दिसतं तसं मराठी कादंबरीत फार थोड्यांना दिसलं आहे. तीही कामाच्याच माहितीतून आली आहे. फरक एवढाच की इथे काम इंजिनिअरचं आहे. आवडली तर त्यांची ‘अंताजीची बखर’ घ्या. ती भूतकाळातली आहे, पण त्या भूतकाळाला तुम्ही नावं ठेवणार नाही याची मला खात्री वाटते.

प्रश्न : आमच्या भिशीत आम्ही दर महिन्याला एका पुस्तकावर बोलतो. सगळ्याजणी ‘छान आहे’ म्हणतात आणि नाश्त्याकडे वळतात. खरं बोललं तर एखादी दुखावेल अशी भीती वाटते. काय करावं?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : ‘आवडलं का?’ हा प्रश्नच काढून टाका. त्याऐवजी प्रत्येकीने, कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं आणि का, तेवढंच सांगायचं. कोणी म्हणेल झोप आली, कोणी म्हणेल डोळ्यांत पाणी आलं म्हणून, कोणी म्हणेल तो नवरा सहन होईना. यात कोणाच्या आवडीचा अपमान होत नाही आणि पुस्तकाबद्दल सगळं खरं बाहेर येतं. आमच्या गटात आम्ही हेच करतो. ‘उसवण’च्या वेळी एकजण म्हणाली, मी पुस्तक खाली ठेवून माझ्या जुन्या शिंप्याला फोन केला. त्यावर तासभर बोलणं झालं.

प्रश्न : ही पुस्तकं बडोद्यात मिळणार कुठे? दरवेळी पुण्याहून मागवणं परवडत नाही.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पहिल्यांदा मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयं उभी केली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवायची व्यवस्था तेव्हाच झाली. मराठी पुस्तकं तिथे पहिल्यापासून आहेत. नवीन पुस्तक नसेल तर निराश होऊन परत येऊ नका. नाव, लेखक, प्रकाशक नीट लिहून मागणीचा अर्ज द्या आणि आपल्या ओळखीच्या दोघा-तिघांनाही वेगवेगळा अर्ज द्यायला सांगा. मराठी पुस्तकांना मागणी आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. 2018च्या फेब्रुवारीत इथे 91वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा घेतलेली पुस्तकं आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात वाचून पडून आहेत, तीही एकमेकांत फिरवता येतील. माझ्याकडची ‘रिंगाण’ सध्या वाचायला देण्यासारखी मोकळी आहे. कारेलीबागच्या वाचकाला ती पुन्हा हवी असेल तर संपादकांकडे कळवा, पहिला नंबर त्यांचा. त्यांच्यानंतर तुमचा.