आयकू झेड १० घेऊ की विवो टी ४? कंपनी एकच असेल तर फरक काय?

सरळ उत्तर आधी देतो, बाकीचं पाल्हाळ ज्याला वेळ आहे त्याने वाचा. तुम्ही लिहिलंय की बहिणीला कॉलेजसाठी फोन घ्यायचाय, बजेट बावीस हजार, हे दोन शॉर्टलिस्ट केलेत, दोघांचे स्पेक्स शेजारी ठेवले तर फरकच सापडत नाहीये आणि मित्र सांगतोय की आयकू गेमिंगवाला आहे, मुलींसाठी विवो बरा. मित्राला राहू द्या. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी दोन्हीपैकी जो हजार-पाचशेने स्वस्त पडेल तो घ्या. रंग बहिणीला विचारा. बस्स.

आता का ते सांगतो. तुम्हाला फरक सापडत नाहीये कारण तो जवळपास नाहीचये, आयकू हा विवोचाच दुसरा ब्रँड. झेड १० आपल्याकडे ११ एप्रिल २०२५ ला आला आणि टी ४ त्यानंतर ११ दिवसांनी, २२ एप्रिलला. दोघांत चिप स्नॅपड्रॅगन ७एस जेन ३, दोघांत ७३०० एमएएचची बॅटरी आणि ९० वॉटचं चार्जिंग, ६.७७ इंचाचा कडेने वळलेला अ‍ॅमोलेड डिस्प्ले, मागे सोनीच्या आयएमएक्स ८८२ सेन्सरचा ५० मेगापिक्सेल कॅमेरा आणि त्याच्या शेजारी नुसता शोभेला बसवलेला २ मेगापिक्सेल, पुढे ३२. सॉफ्टवेअर आले तेव्हा दोघांत विवोचं फनटच ओएस १५. सुरुवातीची किंमत पण दोघांची २१,९९९ होती. म्हणजे रंग वेगळे, पाठीचं डिझाईन थोडं वेगळं, खोक्यावरचं नाव वेगळं, आणि एक अ‍ॅमेझॉनवर मिळतो तर दुसरा फ्लिपकार्टवर. आणि हा जो शेवटचा फरक आहे ना, तोच खरा आहे, बाकीचे त्याच्यासाठी केलेत.

कसंय बघा, ऑनलाईनवाल्यांना फोन ‘फक्त आमच्याकडेच’ असा हवा असतो, त्याशिवाय ते पहिल्या पानावर मोठी जाहिरात लावत नाहीत. आता कंपनीने एकच फोन दोघांना दिला तर दोघंही नाराज. मग एकच फोन दोन नावांनी काढायचा, एक नाव याला, एक त्याला. विवोची टी सिरीज फ्लिपकार्टला आणि आयकूची झेड सिरीज अ‍ॅमेझॉनला. २०२४ मध्ये पण हेच झालं होतं, मार्चमध्ये आयकू झेड ९ आला आणि त्याच महिन्यात विवो टी ३, दोघांत डायमेन्सिटी ७२०० चिप, दोघांत ५००० एमएएच आणि ४४ वॉट, दोघांची किंमत १९,९९९. रिअलमी तर एकाच नावाखाली हा उद्योग करते, नार्झो अ‍ॅमेझॉनला आणि पी सिरीज फ्लिपकार्टला.

आणि तिसरं गिऱ्हाईक राहिलंच की, आपली मोबाईल शॉपी. तिच्यासाठी वाय आणि व्ही सिरीज. इथे मात्र नीट लक्ष द्या कारण तुमच्यासारखा माणूस दोन ऑनलाईन फोनमध्ये चार दिवस डोकं घालतो आणि शेवटी कंटाळून दुकानात जाऊन तिसराच घेऊन येतो. दुकानात गेलात आणि विवो टी ४ दाखवा म्हणालात तर बहुतेक ठिकाणी टी शर्ट घातलेला प्रमोटर, म्हणजे कंपनीने दुकानात बसवलेला विक्रेता, तुम्हाला म्हणणार की तो ऑनलाईनचा माल आहे साहेब, त्याची क्वालिटी वेगळी असते, हा बघा. आणि हातात ठेवणार वाय सिरीज. उदाहरणच घ्यायचं तर विवो वाय ३००, नोव्हेंबर २०२४ चा, आला तेव्हाची किंमत तीच २१,९९९ आणि आत स्नॅपड्रॅगन ४ जेन २, बॅटरी ५०००. म्हणजे तेवढ्याच पैशात चिप दोन पायऱ्या खालची आणि बॅटरी २३०० ने कमी. फोन वाईट नाहीये तो, हलका आहे, पातळ आहे, दिसायला छान आहे, सेल्फी कॅमेरा पण ३२ चाच आहे, ज्याला चिपचं काही पडलेलं नाही त्याने खुशाल घ्यावा. पण ‘ऑनलाईनची क्वालिटी वेगळी असते’ हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. कारण दुकानाच्या किमतीत दुकानदाराचं मार्जिन असतं, त्या प्रमोटरचा पगार असतो, बाहेरच्या निळ्या पाटीचा खर्च असतो, ते सगळं कुठून तरी निघायला हवं ना, ते चिपमधून निघतं.

त्यातही दुकानदाराला मी चोर म्हणत नाहीये हां. माझ्या मावसभावाची शॉपी आहे, कॉलेजात असताना सुट्टीत मी तिथे काउंटरवर बसायचो, त्यामुळे दुसरी बाजू पण माहितीये. आजोबा फोन घेऊन येतात, व्हॉट्सअ‍ॅप उघडून द्या म्हणतात, कॉन्टॅक्ट्स चढवून द्या म्हणतात, पंधरा दिवसांनी परत येतात की आवाज येत नाही आणि बघावं तर आवाज कमी केलेला असतो. हे सगळं तो फुकट करतो. फोन आईवडिलांसाठी असता आणि तुम्ही पुण्यात आणि ते गावी असते तर मी तुम्हाला म्हणालो असतो की दुकानातूनच घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. कॉलेजच्या मुलीला त्याची गरज नाही, उलट तीच तुम्हाला चार गोष्टी शिकवेल.

आता तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मोघम आहे, ‘एकाच कंपनीचे’. लोक सर्रास म्हणतात की विवो, ओप्पो, वनप्लस, रिअलमी, आयकू सगळे बीबीकेचे, म्हणजे एकच. मुळाशी खरंय ते. चीनच्या डोंगुआन शहरात डुआन योंगपिंग नावाच्या माणसाने १९९५ मध्ये बीबीके काढली, तेव्हा ते व्हीसीडी प्लेयर, कॉर्डलेस फोन, मुलांची अभ्यासाची मशीनं असलं काहीबाही बनवायचे. त्यातून पुढे ओप्पो आणि विवो निघाल्या. पण विवो आणि आयकू हे सख्खे भाऊ आणि विवो आणि ओप्पो हे चुलत, असं धरून चाला. वनप्लस आणि रिअलमी ओप्पोच्या घरातले. चुलतभावांचं आपसात अजिबात जमत नाही, चार्जिंग वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं, सर्व्हिस सेंटर वेगळी, आयपीएल विवोकडे तर टीम इंडियाची जर्सी ओप्पोकडे असा तो काळ आठवत असेल तुम्हाला, गावागावात एका दुकानावर निळी पाटी आणि समोरच्यावर हिरवी. त्यामुळे कोणी ‘सगळे एकच’ म्हणून ओप्पोचा फोन विवोच्या बदल्यात गळ्यात मारत असेल तर तसं नाहीये.

सख्खे भाऊ असले तरी प्रत्येक वेळी जुळे असतात असंही नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण तुमची जोडी जुळी निघाली म्हणून पुढच्या वेळी डोळे मिटून घ्याल आणि फसाल. रेडमी आणि पोको घ्या. शाओमीचीच दोन्ही. जानेवारी २०२४ मध्ये रेडमी नोट १३ प्रो आणि पोको एक्स ६ एकाच महिन्यात आले, चिप दोघांत स्नॅपड्रॅगन ७एस जेन २, बॅटरी ५१००, चार्जिंग ६७ वॉट. कोणीही म्हणेल सेम आहेत. पण रेडमीला मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आणि पोकोला ६४ चा. आणि रेडमी २५,९९९ ला १२८ जीबी देत होती तर पोको २१,९९९ ला २५६ जीबी. म्हणजे इथे भांडण खरं आहे, कॅमेरा हवा की चार हजार आणि दुप्पट स्टोरेज हवं. फोटोचा शौक नसलेल्या माणसाला पोको सोडून रेडमी घ्यायला सांगणं मला जड जातं. त्याआधीच्या पोको एक्स ४ प्रोमध्ये तर भारताबाहेर १०८ मेगापिक्सेल आणि भारतात ६४, नाव तेच, म्हणजे बाहेरच्या यूट्यूबरचा रिव्ह्यू बघून इथे घेतलं की कॅमेऱ्याच्या बाबतीत सगळं बोंबललं. (पोकोची सुरुवात तशी नव्हती, २०१८ चा एफ १ हा कुणाची कॉपी नव्हता, २०,९९९ ला स्नॅपड्रॅगन ८४५ दिलं होतं, पाठ साध्या प्लास्टिकची, आणि लोक अजून त्याच्या आठवणी काढतात. जानेवारी २०२० मध्ये पोको भारतात वेगळा ब्रँड झाला आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात एक्स २ आला तो चीनमधला रेडमी के ३० निघाला. असो.)

कधीकधी नुसत्या नावाचे पैसे पण लागतात. एप्रिल २०२२ मध्ये वनप्लस १०आर आणि रिअलमी जीटी निओ ३ एका दिवसाच्या अंतराने आले. डायमेन्सिटी ८१०० दोघांत, १५० वॉटचं चार्जिंग दोघांत. लोकांनी वनप्लस म्हणून १०आर घेतला आणि वनप्लसची जी ओळख होती, कडेला असलेलं सायलेंटचं सरकवायचं बटण, ते त्यात नव्हतंच. मग नाव कशाला घेतलं असा प्रश्न पडतो. पण माझ्याच ऑफिसातला एक जण म्हणतो की मीटिंगमध्ये टेबलावर ठेवल्यावर वनप्लस दिसतो, रिअलमी दिसत नाही. आता यावर काय बोलणार, त्याचे पैसे, त्याचं टेबल.

तर तुमच्या जोडीत परत येऊ. कॅमेरा, चिप, बॅटरी यावर वेळ घालवू नका. खरा हिशोब कार्डचा आहे. घरात फ्लिपकार्टचं अ‍ॅक्सिस कार्ड आहे की अ‍ॅमेझॉनचं आयसीआयसीआय, आणि त्या आठवड्यात कुठल्या बँकेची ऑफर चालू आहे, यावर फोन ठरतो. घरात नसेल तर मेहुण्याकडे, मित्राकडे असतं, विचारायला लाजू नका. जुना फोन एक्सचेंजला देणार असाल तर त्याच फोनची किंमत दोन्हीकडे टाकून बघा, बऱ्याचदा वेगळी येते आणि तिथेच निकाल लागतो. सेल जवळ असेल आणि घाई नसेल तर थांबा, दोघांपैकी एकाची किंमत आधी खाली येते आणि आपल्याला दोघं सारखेच असल्यामुळे कुठलाही चालतो, हा जुळ्या फोनचा फायदाच आहे खरं तर.

सर्व्हिसची काळजी तुम्ही लिहिली नाहीये पण घरचे विचारतीलच की ही आयकू कुठली कंपनी. आयकू भारतात फेब्रुवारी २०२० पासून आहे आणि तिचे फोन विवोच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्त होतात, तसंच पोकोचं शाओमीच्या सेंटरमध्ये. त्यामुळे तुमच्या गावात किंवा कॉलेजच्या गावात विवोचं अधिकृत सेंटर आहे का एवढंच नकाशावर बघा. नसेल तर जिल्ह्याला जावं लागेल आणि ते दोन्ही फोनला सारखंच लागू आहे. फक्त विकताना थोडा फरक पडतो असं काउंटरवर बसून मला दिसलं, जुना विवो म्हटलं की गिऱ्हाईक हातात घेतं आणि आयकू म्हटलं की आधी विचारतं हे काय असतं. दोन-तीन वर्षांनी विकायचा विचार असेल आणि किंमत अगदी सारखीच पडत असेल तर मग टी ४ घ्या, एवढाच काय तो माझा कल.

फोन आल्यावर पॅकिंग उघडताना व्हिडिओ काढा. सेटअप करताना फनटच ओएस हॉट अ‍ॅप्स, हॉट गेम्स असल्या फोल्डरमध्ये फालतू अ‍ॅप्स सुचवत बसतं, ते बंद करा, व्ही-अ‍ॅपस्टोअरची नोटिफिकेशन पण बंद करा, नाहीतर बहीण आठवड्यात वैतागेल, आणि हे दोन्ही फोनमध्ये आहे. स्क्रीन कडेने वळलेली असल्यामुळे शॉपीतली साधी शंभर रुपयांची टेम्पर्ड ग्लास बसत नाही, कडा उचलली जाते, पातळ गोंदाने चिकटवायची यूव्ही ग्लास लावावी लागते आणि ती लावणारा हात सरावाचा हवा, नाहीतर गोंद स्पीकरच्या जाळीत जातो. चार्जर खोक्यातच येतो, वेगळा घेऊ नका. आणि मेमरी कार्डची सोय दोन्हीत नाहीये, त्यामुळे ती रील्स, लेक्चरचे व्हिडिओ वगैरे साठवणारी असेल तर थोडे जास्त घालून २५६ जीबीवाला बघा, १२८ दुसऱ्या वर्षी भरतो.